नाल्यापलीकडची ओवी

आमच्या आत्याबाईंना शांतता सोसत नसे. घर जरा गप्प झालं की हातातलं काम टाकून त्या खोल्याखोल्यांतून कान देत फिरायच्या. "मुकं घर बरं नाही वं," म्हणायच्या. सासूला आमच्याकडे आत्याबाईच म्हणायची रीत. मी लग्न होऊन नागपुरात आले तेव्हा त्यांनी मला पुरणपोळी येते का, हे विचारलंच नाही. "गळा आहे काय?" एवढंच विचारलं. मी घाबरत "थोडा" म्हटलं. "थोडा पुरते. बाकीचा मी पाहीन," म्हणाल्या आणि दुसऱ्या दिवसापासून मला पहाटे जात्यावर बसवलं. दळण कमी आणि शिकवणी जास्त. माझा सूर हलला की त्या जातं थांबवत, आणि मग नाश्त्याला उशीर झाल्याची बोलणी मीच खायची!

त्यांच्या कानाचा आळीला धाक होता. माणसाचा चेहरा त्या पाहत नसत, आवाज ऐकत. कोणाला दिवस गेलेत, कोण नवऱ्याशी भांडून आलंय, सगळं त्यांना ओटीवरच्या दोन शब्दांत कळे. इथवर गंमत होती. पण एकदा शेजारच्या तरण्या मुलाने सहज "काय काकू, बरं आहे ना?" म्हटलं, तर त्या आत येऊन मटकन बसल्या. "पोराचा आवाज आतून पोकळ झाला," म्हणाल्या. दिवाळीच्या आत तो क्षयाने गेला. तेव्हापासून काही बायका त्यांच्यासमोर मानेनेच हो-नाही करू लागल्या.

त्या वर्षी महालक्ष्म्या बसायच्या आधी आमच्या माळ्यावरचे उंदीर गप्प झाले. दरवर्षी ते देवीवर टांगायच्या फुलोऱ्याच्या करंज्या कुरतडत आणि आम्ही त्यांच्या नावाने खडे फोडत असू. यंदा एकही करंजी तुटली नाही. जाऊबाई आणि मी हरखून गेलो. आत्याबाई मात्र खांबाला धरून वर बघत उभ्या. "उंदीर काहून बोलून नाही राहिले?" मी हसून म्हटलं, "देवीलाच दया आली असेल." त्या हसल्या नाहीत.

महालक्ष्म्या बसल्या. दुसऱ्या दिवशी महानैवेद्याची पानं वाढताना माळ्यावरून एक उंदीर पडला, स्वतःभोवती गिरकी घेऊन देवीपुढेच मेला. गाठीच्या बिमारीच्या, प्लेगच्या, मुंबईकडच्या गोष्टी आम्ही ऐकून होतो, पण त्या आपल्या घरच्या कधी वाटल्या नव्हत्या. आत्याबाईंनी हातातली पळी खाली ठेवली. "जेवू नका कोणी. गाड्या जुंपा. कन्हान नदीकाठच्या वावरात जा."

"आणि तू?" मामंजींनी विचारलं.

बसवलेल्या महालक्ष्म्या तिसऱ्या दिवसाच्या विसर्जनाआधी हलवायच्या नाहीत आणि त्यांच्यापुढचा दिवा एकटा सोडायचा नाही, ही आमची रीत.

"चल. देवी समजून घेईल," मामंजी म्हणाले.

"देवी घेईन. मी नाही घेत. माहेरवाशिणीले घरात टाकून घरधनीण पळते काय?"

मी सोबत थांबते म्हटलं, तर माझ्यावरच कडाडल्या, "तुझ्या अंगावर पोर पिऊन राहिलं अन् तू मले सोबत करते?" मला तेव्हा त्यांचा फार राग आला. खरं सांगते, आजही येतो.

विसर्जन करून त्या वावरात आल्या, पण नाल्याच्या पलीकडेच थांबल्या. तिथल्या राखणीच्या खोपडीत राहिल्या. "अंगात काही निघते काय, पाहू द्या. इकडं कोणी यायचं नाही." आम्ही नाल्यातल्या दगडावर भाकरी ठेवायची, आम्ही मागे सरलो की त्यांनी न्यायची. खुशाली कळायची तऱ्हाही त्यांनीच ठरवली. दिवेलागणीला त्यांनी ओवीची पहिली ओळ म्हणायची, अलीकडून आम्ही सगळ्यांनी दुसरी. "बोलून सांगाल त खोटं सांगाल," त्या पलीकडून ओरडल्या. "गाऊन खोटं सांगता येत नाही."

*कन्हानेला पूर आला, थड्या दिसेनाशा झाल्या,* पलीकडून येई.

*नावाड्या रे दादा, लेकी माहेराला आल्या,* आम्ही म्हणत असू.

काही दिवस ओळ खणखणीत आली. आम्ही परतीच्या गोष्टी करू लागलो. मग एका संध्याकाळी ती आली आणि जाऊबाईंनी माझा हात घट्ट धरला. शब्द तेच, पट्टी तीच, पण आवाजात काही उरलं नव्हतं. आमचे हे नाल्याकडे धावले, तर "तिथंच थांब, लेकरं आहेत तुले!" एवढं मात्र त्यांना ओरडता आलं. दुसऱ्या दिवशी भाकरी दगडावर तशीच राहिली. दिवेलागण झाली. ओळ आली नाही. आम्ही वाट पाहिली, आणखी पाहिली.

मामंजींना जन्मात कोणी गुणगुणतानाही ऐकलं नव्हतं. बायको गाते तेव्हा ते सुपारी कातरत बसायचे. ते उठले, धोतर खोचलं आणि भसाड्या आवाजात तिची पहिली ओळ म्हणत नाल्यात उतरले. आमचे हे "बाबा" म्हणाले, पण त्यांना धरायला पुढे झाले नाहीत. मामंजी नाल्याच्या मध्यावर थांबले आणि मागे वळून आमच्याकडे पाहू लागले.

आम्ही दुसरी ओळ म्हटली. मग ते पलीकडे गेले.