परसातलं किराईत

सकाळी शेजारच्या शेळीने परसातल्या कडूजहर किराईताला तोंड मारलं. एकच पान चावलं, थुंकून टाकलं आणि मान झटकत ती निघून गेली. मला फार बरं वाटलं.

फार्मसी शिकणारी माझी भाची सांगते, हे कडू द्रव्य रोपटं स्वतःच्या बचावासाठी तयार करतं, खाणाऱ्याची खोड मोडावी म्हणून. त्याच द्रव्याने यकृत जपलं जातं का, हे प्रयोगशाळेत तपासताहेत. म्हणजे मुळात तो सूडच. औषध आपण म्हणतो.

यांनी आयुष्यभर दारू ढोसली, माझ्यावर हात उचलला आणि यकृत बिघडल्यावर माझ्याच जिवावर येऊन पडले. डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, किराईताच्या काढ्यालाही त्यांची हरकत नाही. पण काढा माझा. रोज वाटीभर देते आणि समोर बसून यांचं तोंड वाकडं होताना बघते. यांना शेळीसारखं थुंकून निघून जाता येत नाही. लोक म्हणतात, बाई किती सेवा करते!

आज वाटी खाली ठेवत हे म्हणाले, "आता कडू नाही गं लागत. सवय झाली."

मी परसात गेले आणि दुप्पट पाला खुडला.