अक्कांच्या नावाचं कुलूप

"माझ्याच लग्नाची पत्रिका, आणि ती उघडायची मलाच परवानगी नाही. धन्य आहे!"

गार्गी खुर्चीत बसून स्वतःशीच पुटपुटते आहे. पण खुर्चीच्या पायाशी चटई टाकून तिची काकू आडवी झाली आहे, तेव्हा ते थेट काकूच्या कानात पडतं. माणिक डोळे आणखी घट्ट मिटते. झोपलेल्या माणसाला उत्तर द्यावं लागत नाही; दुपारच्या झोपेचा निम्मा फायदा तोच.

उत्तर तिला ठाऊक आहे. गडहिंग्लजच्या या घरात माणिक आणि तिची थोरली जाऊ, गार्गीची आई सुमित्राअक्का, दोघींनी मिळून गावभरच्या लग्नपत्रिका टाइप करून दिल्या. प्रत्येक खोलीत एक कॉम्प्युटर, आणि फायली पेनड्राइव्हवरून, पदराला बांधलेल्या किल्लीसारख्या, इकडून तिकडे. अक्का गेल्या आणि हे सगळं विस्कटलं. मग माणिकने ठरवलं, घरात सर्व्हर बसवायचा. म्हणजे एका जुन्या मशीनमध्ये सगळ्यांच्या फायली ठेवायच्या, आणि ज्याने त्याने आपल्या जागेवरून त्या उघडायच्या. शिकवायला कुणी नव्हतं. व्हिडिओ बघ, मागे ने, पुन्हा बघ, असं करत तिने तो उभा केलासुद्धा.

चूक एकच झाली. मशीनने विचारलं, मालक कोण? माणिकने अक्कांचं नाव घातलं. थोरलीचं नाव वर, हे इतकं अंगवळणी पडलेलं की थोरली आता नाही, हे बोटांच्या लक्षातच आलं नाही. स्वतःला तिने साधी वापरणारी करून ठेवलं. आता काही उघडायला जावं तर मशीन म्हणतं, परवानगी नाही. पासवर्ड तिनेच ठेवलेला, त्यामुळे अक्का बनून आत शिरता येत होतं. एकदा ती शिरलीही. पडद्यावर आलं, 'स्वागत आहे, सुमित्रा.' तापल्या तव्याला हात लागावा तसा तिने हात मागे घेतला.

तेव्हापासून ती सांगते, सर्व्हर बिघडलाय. आणि सगळे खुशाल विश्वास ठेवतात, कारण त्या पत्रिकेत नवरीच्या आईच्या नावाआधी एक जागा रिकामी आहे. तिथे काय यायला हवं ते घरात प्रत्येकाला माहीत आहे, म्हणून कुणीच विषय काढत नाही. संध्याकाळी मात्र प्रेसवाला फाइल मागणार आहे.

सर्व्हरचा पंखा घुं घुं करतो. माणिक त्या आवाजाच्या काठाशी बसते. काठाला पाणी आहे.

हिरण्यकेशीचा घाट आहे, आणि खालच्या पायरीवर अक्का पदर खोचून कीबोर्ड घासताहेत. नारळाच्या शेंडीने, राख लावून.

"अक्का, पाण्यात नाही घालायचा तो!"

"बटणांत चहा किती मुरलाय बघ. तुझाच आहे."

"भावोजींचाही असेल."

"ते खोलीत पाऊल टाकतात का? प्रूफ वाचायचं तेही दारातनं."

माणिकला हसू येतं. विचारायचं असतं, तुम्ही इथे कशा? तोंडातून निघतं, "तिकडे कसं असतं हो?"

"सगळं बिनचूक छापलेलं. प्रूफ बघायला काही उरतच नाही." अक्का कीबोर्ड झटकतात. "जीव विटतो गं."

पायऱ्या चढून वर यावं तर एसटी स्टँड. फलाटांना गाड्या लागायच्या तिथे घरातली टेबलं लागली आहेत, आणि चौकशीच्या खिडकीत, चष्मा नाकावर ओढून, अक्काच बसल्या आहेत. माणिकच्या काखेत सर्व्हर आहे, कोंबडी धरावी तसा. ती तो खिडकीत ठेवते.

अक्का पाठीमागून हात लावून बघतात. "अंग गरम आहे याचं. ताप आहे का?"

"चालू असला की असतो तसा."

"आत काय आहे?"

"सगळ्यांच्या फायली. एकाच ठिकाणी."

"म्हणजे माझं कपाट."

"हो, पण तुमच्या कपाटाशी उठून यावं लागायचं. हे आपापल्या खोलीतून उघडतं."

"अगंबाई! आणि आरडाओरडा? माणके, कोऱ्यांकडच्या लग्नाची पत्रिका कुठेय, असं कोण ओरडणार?"

"कुणीच नाही."

"मग काय मजा?" अक्का वाकून डब्याच्या फटीतून आत बघतात. लुकलुकणारा हिरवा दिवा त्यांच्या चष्म्यात उतरतो. "कुलूप आहे का याला?"

"आहे. नावाचं."

"कुणाच्या?"

माणिक फलाटाकडे बघते. "तुमच्या."

अक्का आधी गालात हसतात, मग पोट धरून. खिडकी त्या हसण्याने हलते आणि तिचं मंगल कार्यालयाचं दार होतं. बाहेर माणसांची रीघ. प्रत्येकाच्या हातात पत्रिका. "सुमित्राबाई कुठायत? त्यांनीच बोलावलंय आम्हाला." अक्का शेजारीच उभ्या आहेत, हातात गुलाबदाणी घेऊन. त्या शिंपडतात, पण कुणाच्या अंगावर थेंब पडत नाही. माणसं तशीच ताटकळत उभी राहतात.

"कोऱ्यांच्या पत्रिकेत तू आजोबांना निमंत्रकांत घातलं होतंस, आठवतं?" अक्का विचारतात.

"लोक दारात विचारत होते, आजोबा कुठायत."

"आणि आजोबा भिंतीवर, हारात." अक्का गुलाबदाणी माणिककडे देतात. "त्यांचं नाव वर असतं, माणके. आशीर्वादाला. बोलवायला मात्र दारात उभं राहणारं माणूस लागतं."

"पण मी धाकटी."

"होतीस."

माणिक खाली बघते. तिच्या हातात गुलाबदाणी नाहीच. एक निळी वायर आहे, टोक लोंबतंय.

"ही कुणाची?"

"तुमच्या टेबलाची. ती जोडलीच नाही मी."

का, ते अक्का विचारत नाहीत. वायरीचं टोक माणिकच्या तळहातावर ठेवतात आणि तिची बोटं एकेक करून त्यावर मिटतात. त्यांचे हात ओले आहेत, राखेचे आहेत. "घट्ट धर. टक् वाजेपर्यंत आत ढकलायची. अर्धवट खोचलेली वायर म्हणजे नुसता देखावा."

"अक्का—"

"काकू, उठतेस ना? प्रेसवाल्याचा फोन येऊन गेला."

गार्गी वाकून बघते आहे. माणिक उठून बसते. मूठ अजून मिटलेलीच. उघडते, तर तळहातावर वायरीच्या टोकाचा चौकोनी ठसा, आणि त्यात बारीक रेघांची एक ओळ, कंगव्याच्या दातांसारखी. निळी वायर मात्र पलीकडे खिडकीशी लोंबते आहे, तिने सोडली होती तिथेच.

ती वायर उचलते आणि अक्कांच्या टेबलावरच्या मशीनमध्ये ढकलते. टक्.

मग ती अक्कांच्या खुर्चीत बसते. 'स्वागत आहे, सुमित्रा.' या वेळी ती हात काढत नाही. मालक: माणिक. मशीन विचारतं, खात्री आहे? ती ठसा असलेल्या हाताने बटण दाबते. सुमित्रा हे नाव पुसून टाकायचं की ठेवायचं, असंही ते विचारतं. माणिक ते यादीत सर्वांत वर ठेवते आणि त्याच्यापुढे खूण करते: पाहू शकेल, बदलू शकणार नाही.

पत्रिका उघडते. रिकाम्या जागेवर कर्सर उघडझाप करत थांबलेला आहे. माणिक तिथे दोन अक्षरं टाइप करते आणि प्रूफ काढते. टाइप करणाराने आपलं प्रूफ आपण वाचायचं नाही, हा अक्कांचा नियम.

"गार्गी, बाबांना हाक मार."

भावोजी येतात, चहाचा कप घेऊन, नेहमीसारखे दारातच थांबतात. कागद लांब धरतात. संक्षेप पूर्ण उच्चारून वाचायचा ही त्यांची जुनी सवय. कानाला चूक लवकर सापडते म्हणतात.

"चिरंजीव सौभाग्यकांक्षिणी गार्गी," ते वाचतात, आणि थांबतात.

गार्गी बाबांकडे बघत नाही. भावोजी कप उंबऱ्याबाहेर खाली ठेवतात, चष्मा काढतात, सदऱ्याला पुसतात, पुन्हा लावतात. मग उंबरा ओलांडून खोलीत येतात, अक्कांच्या टेबलापर्यंत.

"कैलासवासी," ते म्हणतात. "कैलासवासी सौभाग्यवती सुमित्रा."