माती देताना फोन कोणी धरायचा

आमच्या गावात ज्याच्या त्याच्या खिशात स्मार्टफोन आहे, पण तो नीट चालवता येतो एकट्या मुजम्मिलला, असं माझं ठाम मत आहे. हा माझा जुना विद्यार्थी. महाडच्या एसटी डेपोपासून सव गावाच्या रस्त्याने रिक्षा चालवतो. लाईटबिल, रेशनची केवायसी, मुंबईच्या डॉक्टरला रिपोर्ट पाठवणं, पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी किती चढलंय ते बघणं, सगळ्यांचं सगळं त्याच्या फोनवर. लोकही असे निगरगट्ट, की त्याला भरल्या ताटावरून उठवून पासवर्ड विचारतात. मीही त्यातलाच.

पण त्याला सगळ्यात जास्त बोलावणं येतं ते मयतीला. घरोघरची मुलं कुवेत-कतारला. बाप गेला तरी रजा मिळत नाही, मिळाली तरी पोचेपर्यंत दफन उरकलेलं असतं. मग मुजम्मिल व्हिडिओ कॉल लावतो आणि तिकडचा मुलगा इथे माती देताना बघतो. कबरस्तानात रेंज फक्त वरच्या कोपऱ्यात, भिंतीला चिकटून. चार पावलं खाली उतरलं की चित्र थांबतं.

त्याचे अब्बा लतीफभाई अंथरुणाला खिळले, तेव्हा तो मला म्हणाला होता, "गुरुजी, आजपर्यंत लोकांच्या बापांना फोन धरला. अब्बांच्या टायमाला नाय धरणार. माझ्या हातानं माती देणार."

मार्चमध्ये लतीफभाई गेले. मुजम्मिलची धाकटी बहीण नशरा दोह्याला, पदरात तान्हं मूल, येणं शक्यच नव्हतं. मुजम्मिलने फोन चुलतभावाकडे दिला, त्याला भिंतीपाशी उभं केलं आणि स्वतः बापाला कबरीत उतरवलं. तो वर येतो न येतो तोच फोनमधून नशराचा आरडाओरडा सुरू झाला. "भाई, काय दिसत नाय! भाई!" चुलतभाऊ हुंदके देत होता, त्याचा हात ठरत नव्हता. मुजम्मिलने माझ्याकडे बघितलं. "दोनच मिनिटं," म्हणाला आणि भिंतीकडे गेला.

दोन मिनिटं कसली! लोक पुढे येऊन तीन तीन मुठी माती देऊ लागले. मीही दिली, शेजारधर्माची. मी वर बघून त्याला हाताने बोलवत होतो. तो नुसती मान हलवत होता, फोन मात्र जराही हलला नाही. मला फार राग आला. नशराचा आला, टॉवरवाल्यांचा आला आणि सगळ्यात जास्त माझा आला. वर जाऊन त्याच्या हातातून फोन घ्यायला मला काय झालं होतं? हातात माती घेऊन उभा राहिलो, पण ते सुचलं नाही.

फावड्यांनी माती ओढली, वर पाणी शिंपडलं, दुवा झाली. मी धापा टाकत भिंतीपाशी गेलो. "अरे, आता तरी दे मूठभर."

"आता पाणी पण मारून झालं, गुरुजी," तो हळूच म्हणाला.

कॉल अजून चालूच होता. नशराचं रडणं जरा निवलं होतं.

"भाई, तुझ्यामुळं सगळं दिसलं. पण तू कुठं दिसला नायस. तू दिलीस ना रे माती?"

"दिली गो," मुजम्मिल म्हणाला. "फोन माझ्याच हातात व्हता, मी कसा दिसणार?"