भोपळ्यांची खोली

आमचे काका आणि काकू एकाच छपराखाली नोकरी करत, पण कामाच्या वेळात एकमेकांच्या वाऱ्यालाही उभे राहत नसत. नव्या माणसाला वाटे, नवरा-बायकोचं बिनसलंय. बिनसलं कसलं, कामच तसं होतं.

पिठ्या ढेकूण नावाची कापसासारखी पांढरी कीड फळझाडांचा रस शोषते. तिचा फडशा पाडणारे छोटे काळे भुंगे त्यांच्या प्रयोगशाळेत वाढवून बागवाल्यांना विकत. भुंगे वाढवायचे तर त्यांना खायला हवं, म्हणून आधी कीडच पोसावी लागे. ते काम काकांकडे. त्यांच्या खोलीत मांडण्यांवर लाल भोपळे आणि भोपळ्यांवर कीड. भुंग्यांची खोली काकूकडे. ‘‘मी राब राब राबायचं आणि हिच्या पोरांनी ताव मारायचा,’’ काका म्हणत. पोटचं मूल नव्हतं त्यांना. त्यामुळे हा विनोद ते दोघंच करत, आम्ही कुणी नाही.

काकांना त्या चिकट किडीचं भारी कौतुक. एकेक मादी शेकड्यांनी अंडी घालते. आधी कितीतरी दिवस भोपळा कोराच दिसतो आणि मग बघता बघता पांढराफटक होतो. ‘‘पण हुरळून जायचं नाही,’’ ते मला सांगत. ‘‘कीड वाढते, भोपळा वाढत नाही. रस संपला की सगळ्यांचाच बाजार उठतो.’’ काकूची डोकेदुखी वेगळी. भुंगे कमी पडले तर कीड माजते, जास्त झाले तर कीड संपते, आणि मग उपाशी भुंगे आपलीच अंडी खातात. ‘‘शत्रू जगला तरच माझी पोरं जगतात,’’ असं म्हणून ती काकांकडे बघून हसे.

म्हणून एक नियम होता. किडीच्या खोलीतून भुंग्यांच्या खोलीत गेलं तर चालायचं, उलट अजिबात नाही. काकूच्या अंगावरून एक मादी भुंगा जरी तिकडे गेला, तरी खोली हातची गेलीच. जायचंच झालं तर दारात कोट उतरवायचा, केस मोकळे करून झटकायचे, कोपरापर्यंत हात धुवायचे, दुसरा कोट घालायचा. इतक्या वर्षांत हे काकूच्या हाडीमासी भिनलं होतं. दोन खोल्यांमधल्या भिंतीत एक बंद काच होती. दुपारी दोघं काचेच्या दोन बाजूंना स्टूल ओढून डबा खात. आवाज पलीकडे जात नसे. काका घास घेऊन तोंड वेडंवाकडं करत, म्हणजे मीठ जास्त झालंय. मीठ कधीच जास्त नसे.

त्या दुपारीही काकांनी तोंड वेडंवाकडं केलं. काकू हसली. मग ते स्टुलावरून खाली घसरले.

काकू धावली. त्यांच्या दाराशी पोचली आणि तिचे हात आपोआप बटणांकडे गेले. तिने कोट उतरवला. अंबाडा सोडला, केस झटकले. हात धुतले. दुसऱ्या कोटाची बटणंसुद्धा लावली. हे तिनेच मला सांगितलं, मी विचारलं नव्हतं. आत गेली तेव्हा सगळं संपलं होतं. काकांचे डोळे काचेकडे होते, आणि काचेपलीकडे ती नव्हती.

डॉक्टर म्हणाले, काही फरक पडला नसता. मीही तेच म्हटलं आणि माझा मलाच राग आला. मला काय कळत होतं त्यातलं? ‘‘वाचले नसते, कबूल,’’ काकू म्हणाली. ‘‘पण माणसाजवळ माणूस तरी असतं ना गं.’’

काकू कामावर परतली तेव्हा तिने साहेबांकडे काकांची खोली मागून घेतली. भुंगे दुसऱ्या बाईकडे गेले, ती बाई इकडे फिरकतही नसे. ‘‘त्यांच्या हातची शेवटची खेप आहे,’’ काकू म्हणायची. ‘‘तेवढी मोडू द्यायची नाही मला.’’ घरी ती जेवत नव्हती, पण भोपळे मात्र तळहाताच्या फोडासारखे जपत होती.

महिन्याभराने मी तिचा डबा घेऊन गेले, तर ती मांडणीसमोर नुसती उभी होती. भोपळ्यावरच्या पांढऱ्या किडीतच एक मोठा पांढरा ठिपका तुरुतुरु चालत होता. भुंग्याची अळी. दिसायला अगदी किडीसारखीच, म्हणून इतके दिवस नजरेतून सुटली. शेजारचे भोपळेही कीड फस्त होऊन उघडे पडू लागले होते.

‘‘आली कुठून?’’ मी विचारलं.

काकूने हात मागे नेऊन अंबाडा चाचपला. ‘‘भुंग्यांतून उठून इथे कोण आलंय? त्या दिवशी मीच तेवढी आले,’’ ती म्हणाली. ‘‘ज्याला अडवायला दारात थांबले, तो भुंगा माझ्या केसांतूनच आत आला.’’

मी तिचा दंड धरला. ती रडली नाही, मीच रडले. तिने अळी अलगद बोटावर घेतली. आता चिरडणार, असं मला वाटलं. चिरडली असती तरी तिचं काही चुकलं नसतं. पण तिने ती परत भोपळ्यावर सोडली.

‘‘खा,’’ ती अळीला म्हणाली. ‘‘तुमच्यासाठीच राबले ते.’’