पिंपळाखालचा कोपरा आणि माझा सुटलेला चहा

कोणी उपास धरतं, कोणी मौन. मी एका चातुर्मासात चहा सोडला होता. दिल्लीत मयूर विहारातल्या आमच्या सोसायटीच्या गेटबाहेर, पिंपळाखाली एक कोपरा आहे. तो रोज सकाळी झाडायचा, आणि ज्या दिवशी तो रात्रीपर्यंत स्वच्छ राहील, त्याच्या दुसऱ्या सकाळी चहा घ्यायचा, असा नेम. वाटलं होतं, फार तर आठवडा लागेल! कोपऱ्यात कचरा साठत गेला आणि माझ्याकडे किस्से. एरवी मी शांत बाई आहे हो, पण बिनचहाची झाडू मारणारी बाई चिडणारच!

"चहा सोडलास तू, शिक्षा भोगतोय मी," हे म्हणायचे.

*

नव्वदीची सुरुवात, परदेशी कंपन्यांना देशाचा बाजार नुकता खुला झाला होता. दुकानात रोज नवं चकचकीत पाकीट लटकायचं आणि संध्याकाळपर्यंत माझ्या पिंपळाखाली यायचं. आमच्या वरच्या माथुरसाहेबांनी नवी मारुती घेतली. गाडीवर इतका जीव, की सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढलं नाही. एका सकाळी मी झाडून कंबर सरळ करते, तोच गाडीची काच खाली झाली आणि चिप्सचं रिकामं पाकीट थेट माझ्या पायाशी!

"भाईसाहब, ये क्या?"

"क्या करें भाभीजी, गाड़ी गंदी हो जाती है!"

*

मग सोसायटीच्या मीटिंगमध्ये तोडगा निघाला. भिंतीवर देवांच्या टाइल्स लावा, देवासमोर कोण कचरा टाकेल? मला काही ते पटलं नाही. ज्याच्यापुढे मी दिवा लावते, त्याला उकिरड्याचा चौकीदार करायचा? पण लागल्या टाइल्स.

दुसऱ्याच दिवशी पलीकडच्या ब्लॉकमधल्या एक बाई पिशवी घेऊन आल्या. भिंत पाहून थबकल्या. चपला काढल्या. हात जोडले, डोळे मिटले. म्हटलं, देवा, पावलास!

बाईंनी चपला घातल्या, दोन पावलं बाजूला सरकल्या आणि पिशवी टाकली.

त्या दिवशी मी देवघरात बसून रडले. भक्तीनं नाही, संतापानं!

*

आणि आपण मराठी माणसं फार वेगळी, असं समजू नका. आमच्या मंडळाची बस पानिपतला गेली होती, मराठ्यांच्या 'काला अंब' स्मारकाला. स्मारकापुढे देशपांडेकाका बोलायला उभे राहिले. "इथल्या मातीचा कण न् कण पवित्र आहे!" म्हणताना त्यांनी डोळ्यांना रुमाल लावला. आम्हीही डोळे पुसले. आणि काकांनी हातातला बटाटेवड्याचा तेलकट कागद चुरगाळून त्याच मातीत टाकला.

"काका, कागद..."

"वहिनी, भावना समजून घ्या!"

घेतली समजून. कागद मात्र मलाच उचलावा लागला.

*

आम्ही व्रतवाल्या बायका तर विचारूच नका! एकदा जोशीवहिनींच्या गाडीतून जात होते. यमुनेच्या पुलावर त्यांनी गाडी हळू करायला लावली, काच खाली केली आणि स्तोत्र पुटपुटत निर्माल्याची पॉलिथीनची पिशवी भिरकावली. पिशवी कठड्यावर आपटून फुटली आणि आतला झेंडूचा हार मागून येणाऱ्या स्कूटरवाल्याच्या गळ्यात!

त्यानं करकचून ब्रेक मारला. "माताजी, अभी ज़िंदा हूँ मैं!"

*

असा कार्तिक उजाडला. चातुर्मास संपायला आला, कोपरा एक दिवससुद्धा स्वच्छ राहिला नव्हता. नेम तसाच सुटणार, या विचारानं मला झोप लागेना. शेवटी ठरवलं, यंदा तुळशीचं लग्न पिंपळाखालीच लावायचं!

शेजारच्या चढ्ढाभाभींकडे त्यांच्या देवघरातला बाळकृष्ण नवरदेव म्हणून मागितला, तर त्या हरखल्याच. "मेरे लड्डू गोपाल दूल्हा बनेंगे? तो हम लड़केवाले!"

आणि झाल्या की खऱ्याखुऱ्या लड़केवाल्या! सकाळपासून कमरेवर हात ठेवून उभ्या. "यहाँ छिलका क्यों है? हमारी बारात यहीं उतरेगी!" ज्या चढ्ढाभाभी स्वतः रोज तिथे पिशवी टाकायच्या, त्याच येणाऱ्या-जाणाऱ्याला दरडावत होत्या. संध्याकाळी अंतरपाट धरला, अक्षता वाटल्या, तोच वरून आंब्याच्या रसाचा रिकामा डबा येऊन आदळला. माथुरसाहेब!

"ओ माथुरजी!" चढ्ढाभाभी कडाडल्या. "लड़केवालों पे कूड़ा? नीचे आइए!"

साहेब बनियनवर खाली आले. डबा उचलला. भाभींनी हातात झाडू दिला. मंगलाष्टकं संपेपर्यंत साहेब झाडत होते. रात्री उशिरा मी गॅलरीतून पाहिलं. कोपऱ्यात फक्त अक्षता!

दुसऱ्या सकाळी दाराची बेल वाजली. माझ्या नव्या विहीणबाई, चढ्ढाभाभी. हातात स्टीलच्या पेल्यात वाफाळता चहा.

"पी लो, समधनजी. और गिलास लौटा देना, फेंकना मत!"

तुमच्याही गेटबाहेर असा एखादा कोपरा असेलच. येत्या कार्तिकात तिथे एक लग्न लावा ना! मला जरूर बोलवा. मी मुलाकडची म्हणून येणार आहे, तेव्हा जागा आधी झाडून ठेवा!