पटावरून कमी केलेली पाच नावं

पगार गोठवायच्या बाजूने मी बोलले होते. हे आधीच सांगून टाकते, कारण नंतर आपण विरोधच केला होता असं आमच्या शाळेत प्रत्येकीला आठवायला लागलं.

सभा मनीमाजऱ्यात, आमच्याच सरकारी शाळेच्या हॉलमध्ये झाली. जवळपासच्या शाळांमधले कंत्राटी शिक्षक आले होते. संघटनेचे एक सर वरचा निरोप घेऊन आले होते. शिक्षणाच्या खर्चाला कात्री लागणार हे नक्की, तेव्हा यंदाही पगारवाढ मागायची नाही, म्हणजे माणसं कमी करावी लागणार नाहीत. आमचा पगार आधीच कित्येक वर्षं होता तिथेच होता. तरी मी उठले आणि म्हटलं, वाढ नको तर नको, पण एकही जागा जाणार नाही असं लेखी घ्या. घरी बसण्यापेक्षा आहे त्या पगारात काम केलेलं परवडतं. लोकांनी माना डोलावल्या. गणिताची बाई बोलते म्हणजे हिशेब करूनच बोलत असणार, असं त्यांना वाटलं असावं.

माझ्या शेजारी पिंजौरवाली बसली होती. आमच्याकडे नावाने कुणी कुणाला हाक मारत नाही. जी जिथून येते ती तिथली. एक पंचकुलावाली, एक पिंजौरवाली. नवऱ्याच्या केंद्र सरकारी नोकरीपायी मी परभणीहून इकडे उत्तरेत आले, म्हणून मी महाराष्ट्रवाली. पिंजौरवाली हिंदी शिकवायची, रोज पहिल्या बसने यायची आणि बसमध्ये उभी राहूनच वह्या तपासायची. सर्वांत शेवटी लागलेली तीच. तिच्या नवऱ्याचा कारखाना बंद पडला होता आणि घर तिच्या पगारावर चालत होतं.

ती बसल्या जागेवरूनच मोठ्याने म्हणाली, "पहलां पैसे जाणगे, फेर बंदे." आधी पैसे जातील, मग माणसं.

सर हसले. "मॅडम जी, शुभ शुभ बोलो."

"शुभच बोलतेय. अशुभ अजून पोटात आहे."

हॉल हसला. हात वर करून मत घेतलं. पगार गोठला. लेखी मात्र काही आलं नाही. "तोंडी पक्कं आहे," असं सरांनी फोनवर कळवलं.

तोंडी शब्द त्यांनी पाळला असंही म्हणता येईल, कारण जागा कमी करण्याचा हुकूम कधी निघालाच नाही. निघाली ती पटाची मोजणी. सुट्टीनंतर शाळा सुरू झाली की एका ठरलेल्या दिवशी प्रत्येक इयत्तेची मुलं मोजायची आणि त्यावरून किती तुकड्या ते ठरवायचं. मोजणी दर वर्षीच व्हायची, पण दोनचार मुलं कमी भरली तर कुणी बघत नसे. यंदा बघणार, असं मोठ्या मॅडमनी म्हणजे मुख्याध्यापिकांनी सांगितलं. तुकडी बंद झाली की एक शिक्षक जास्तीचा ठरणार आणि जास्तीचा म्हणजे शेवटी लागलेला. ती कोण, हे सांगायची गरज नव्हती.

म्हणून जुलैच्या उकाड्यात आम्ही दोघी पोरं गोळा करत गल्ल्या हिंडलो. सातवीच्या तीन तुकड्या होत्या आणि क तुकडी माझ्याकडे होती. दार वाजवायचं, घरात किती मुलं ते विचारायचं, शाळेत घालता का म्हणायचं. लोक पाणी द्यायचे, बसा म्हणायचे आणि मुलाला कोपऱ्यावरच्या इंग्रजी शाळेत घालणार म्हणायचे. ती शाळा म्हणजे दुमजली घर, खाली टायरचं दुकान. पण मुलांना टाय होता.

एका घरातून बाहेर पडताना पिंजौरवाली म्हणाली, "तुझी लेक सातवीतच आहे ना? तिला आण. एक नाव वाढेल."

माझी मुलगी खाजगी शाळेत जाते. आमच्यातल्या बहुतेकींची मुलं खाजगी शाळेतच जातात.

"तुझा मुलगा कुठे जातो?" मी विचारलं.

"तोही टायवालाच. म्हणून तर म्हणते, आपण दोघी कुठल्या तोंडाने दारं वाजवतोय?"

ती हसली. मी पुढचं दार वाजवलं.

सातवीतल्या मुलांच्या पाच आयांनी मला होकार दिला. पक्का, मॅडम जी, सोमवारी कागद घेऊन येतो. मी पाचही नावं वहीत उतरवली.

आता माझं काम सांगते. क तुकडीत पाच मुली अशा होत्या की सुट्टीत गावी गेल्या त्या आल्याच नव्हत्या. पाचही जणी एकाच गल्लीतल्या, पूर्वेकडच्या एकाच गावच्या. तिकडे धानाची लावणी चालू होती आणि घरातले सगळे हात शेतात होते. नियम असा की मूल ठराविक दिवस आलं नाही तर घरी निरोप धाडायचा, तरी आलं नाही तर पटावरून नाव कमी करायचं. निरोप मी धाडला होता. घराला कुलूप होतं. दिवस भरले होते.

मोजणीच्या महिन्यात कुणी नाव कमी करत नाही. हा नियम कुठे लिहिलेला नाही, पण सगळ्यांना माहीत असतो. मलाही माहीत होता. मला तो पटत नव्हता. जे मूल वर्गात नाही ते पटावर दाखवायचं, म्हणजे आम्हाला कामचुकार म्हणणाऱ्यांच्या हातात आपणच कोलीत द्यायचं. शिवाय तपासणी येणार अशी कुणकुण होती, आणि नवी पाच नावं माझ्या वहीत होती. पाच गेली, पाच आली. मला वाटलं, झालं.

"कापू नकोस," पिंजौरवाली म्हणाली. "त्या गेलेल्या नाहीत. गावी आहेत."

"आल्या की पुन्हा घेऊ. नियम आहे तसा."

"मोजणी होऊ दे. मग काप, चटणी कर, काय हवं ते कर."

"खोटी हजेरी मी लिहिणार नाही."

"हजेरी नको लिहू. गैरहजेरी लिही. गैरहजर असायलासुद्धा नाव लागतं, मास्टरनी!"

पंचकुलावाली वहीतून मान वर न करता म्हणाली, "जाऊ दे गं. तिची नोकरी जुनी आहे."

मी तेव्हाच कॉम्प्युटरवर बसले आणि पाचही नावं कमी केली. पंचकुलावालीच्या बोलण्याचा राग आला होता. दुसरं काही कारण नव्हतं. नियम वगैरे होता, पण त्या दिवशीच कमी करायला पाहिजेत असं काही नव्हतं.

सोमवारी कागद घेऊन दोघीच आया आल्या. तिसरी गल्लीत भेटली तेव्हा तिने तोंड फिरवलं. तिच्या मुलाच्या गळ्यात टाय होता. मोजणी झाली आणि सातवीला तीन मुलं कमी भरली. तिसरी तुकडी बंद झाली.

मी मोठ्या मॅडमकडे गेले. म्हटलं, नावं परत घाला, माझी चूक झाली.

"चूक झाली असती तर दुरुस्तीचं पत्र दिलं असतं," त्या म्हणाल्या. "तुम्ही सगळं नियमाप्रमाणे केलंय. निरोप, दिवस, सही. काय कारण लिहू मी?"

तरी त्यांनी एक पत्र पाठवलं. मोजणी ती मोजणी, असं उत्तर आलं.

घरी नवऱ्याला सांगितलं. तो म्हणाला, "नियमाप्रमाणे केलंस ना? मग तुझ्यावर काही येणार नाही." येणार नाही हे मलाही ठाऊक होतं. मुलगी फोनमधून डोकं काढून म्हणाली, "मम्मी, वो आंटी अब क्या करेंगी?" तिला मराठी सगळं कळतं, उत्तर हिंदीत देते. मी म्हटलं, जेवायला बस.

पिंजौरवालीला महिनाअखेरपर्यंत यायचं होतं. ती रोज वेळेवर आली. भांडली नाही, रडली नाही. बोलणंही बंद केलं नाही. ते केलं असतं तर बरं झालं असतं. उलट तिने मला दोन्ही तुकड्यांतल्या कच्च्या मुलांची यादी करून दिली. कोणाला वाचता येत नाही, कोण येत असून लाजतं, कोणाच्या घरी बाप मारतो. एवढ्या मोठ्या वर्गात त्या यादीचं आता काही करता येणार नव्हतं, हे आम्हा दोघींना कळत होतं.

तिचे दोन दिवस राहिले असताना त्या पाच मुली आल्या. उन्हाने काळवंडलेल्या, हाताच्या बोटांना चिखलाने फोड आलेले. बरोबर एकच आई होती. प्रवेशाच्या टेबलावर त्या दिवशी पिंजौरवाली बसली होती. तिने खिडकीतून मला हाक मारली.

"ये, आल्या तुझ्या पाचीजणी."

मी गेले. ती फॉर्म भरत होती. पाच फॉर्म, प्रत्येकीला नाव, बापाचं नाव, पत्ता विचारत. पाचही जणी तिच्याच वर्गात शिकलेल्या, तिला सगळं पाठ असणार. तरी विचारत होती. आई म्हणाली, मॅडम जी, नाव कापलं गेलं का? आम्ही तर सांगून गेलो होतो. कोणाला सांगून गेला होतात, असं मी विचारलं.

आईने पिंजौरवालीकडे बोट दाखवलं. "इनको."

पिंजौरवालीने फॉर्मवरून मान वर केली नाही. त्या गावी आहेत, असं ती मला का म्हणत होती ते आता कळलं. ते तिने ऐकीव सांगितलं नव्हतं. मी मात्र तुला कसं माहीत, असं एकदाही विचारलं नव्हतं. पाचही मुली बंद झालेल्या तुकडीतल्या, त्यांना ब तुकडीत मागच्या भिंतीला टेकून खाली बसवलं. बाकं पुरत नव्हती. नव्या बाकांना मंजुरी नव्हती.

महिना संपला, ती गेली. सभेत कोणी काय म्हटलं होतं ते तिने मला एकदाही ऐकवलं नाही.

पुढच्या वर्षी मी एकही नाव कमी केलं नाही. गावी गेलेली, घर बदललेली, लग्न झालेली एक, सगळी पटावर ठेवली. उपयोग झाला नाही. एका तुकडीत किती मुलं हवीत तो आकडाच वाढवला होता, आणखी तुकड्या बंद झाल्या. पगार तेवढाच राहिला. त्यासाठी सभासुद्धा घेतली नाही कुणी.

त्याच्या पुढच्या जुलैत गल्लीत दारं वाजवताना ती समोरून आली. तिच्या हातात कोपऱ्यावरच्या इंग्रजी शाळेची पत्रकं होती. टायरच्या दुकानावरच्या. तिथे लागली होती, आमच्यापेक्षा निम्म्या पगारावर, आणि मुलं आणली तर नोकरी टिकेल असं तिलाही सांगितलं होतं.

"कशी आहेस?" मी विचारलं.

"बस तीच, पहिली," ती म्हणाली.

ज्या दारात आम्ही एकदमच पोचलो तिथली बाई दोघींना ओळखत होती. ती हसली. "तुम्ही तर दोघी बरोबर असायच्या. खरं सांगा, पोरीला कुठे घालू? सरकारी शाळेत म्हणे वर्गात पाय ठेवायला जागा नाही."

पिंजौरवालीच्या हातात पत्रकं होती. पत्रक पुढे करायला हरकत नव्हती, पण तिने केलं नाही. मी बोलावं म्हणून ती थांबली होती.

तुकडी पुन्हा एकदा काठावर होती. आता सर्वांत शेवटी लागलेली मी होते. माझ्यानंतर आलेल्या सगळ्या गेल्या होत्या.

"नाही हो," मी म्हटलं. "तसं काही नाही. वर्ग लहानच आहेत आमचे."

बाईने पोरीला हाक मारली आणि जन्मदाखला आणायला सांगितलं. मी वही उघडली. पिंजौरवाली जिन्याने वरच्या मजल्यावर गेली आणि तिथलं दार वाजवू लागली.