मशेरीबद्दल कुणी विचारलं नाही

सातिवलीच्या त्या गाळ्यात प्लास्टिकच्या झाकणांचे साचे बनत. साचा यंत्रावरून उतरला की शेवटचा हात प्लासिडचा. आधी पॉलिश पेपर, मग पेस्ट, आणि सगळ्यात शेवटी त्याच्या उजव्या हाताचं पहिलं बोट. डोळे मिटून तो ते पोलादावरून फिरवायचा. भिंगाखाली न दिसलेला ओरखडा त्या बोटाला सापडायचा.

"अजून आहे," तो म्हणायचा. मालक वाद घालत नसे. साचा परत घासला जाई.

पाचूबंदरच्या कोळी घरातला हा एकुलता एक मुलगा. बाप बोटीवरच म्हातारा झाला आणि गेला. आई लिली मासळी विकायची. प्लासिडला मात्र समुद्र लागायचा, उलट्या व्हायच्या. म्हणून तो या कामात आला आणि चौदा वर्षं टिकला. बायको सेलिन शिवणकाम करायची. घरात तिघंच.

छत्तिसाव्या वर्षी ते बोट पांढरं पडू लागलं. मग निळं. गार पाण्यात हात घातला की कळ कोपरापर्यंत जायची. नखाशी एक बारीक चीर पडली, ती महिना झाला तरी भरेना. सेलिनने त्याला मुंबईच्या मोठ्या हॉस्पिटलात नेलं.

"किती ओढता?" डॉक्टरांनी विचारलं.

"पाकीट. कधी दीड."

"गुटखा? तंबाखू? पान?"

"नाही."

हे खरं होतं. गुटख्याची त्याला किळस होती. तळहातावर तंबाखू मळणाऱ्या माणसांशेजारी तो जेवायलाही बसत नसे.

डॉक्टरांनी कागदावर हात काढला. बोटांत जाणाऱ्या रेघा काढल्या. "निकोटीन रक्तात गेलं की नाडी पळायला लागते आणि या बारीक रक्तवाहिन्या आवळतात. तुमच्या तर तंबाखूनं सुजल्यात, आतून बंद होत चालल्यात. या आजाराला औषध असं एकच. तंबाखू पूर्ण बंद."

"दिवसाला एखादी?"

"एकही नाही. सवय सुटावी म्हणून लोक निकोटीनचं च्युइंगम खातात. तुम्हाला तेही चालणार नाही. बोटं हवीत ना?"

फाटकाबाहेर येऊन प्लासिडने पाकीट चुरगाळून कचऱ्यात टाकलं. त्यानंतर त्याने सिगारेट ओढली नाही. एकही नाही. हे इथेच सांगायला हवं, कारण पुढे कुणी ते मानलं नाही.

गाळ्यातल्या विघ्नेशला तो हसायचा. विघ्नेश त्याच्या शेजारच्या टेबलावरचा, दर सोमवारी सिगारेट सोडणारा. "तुला नुसती फुशारकी मारता येते. मी एका दिवसात सोडली. डोकं दुखलं नाही, काही नाही."

"तू संत आहेस, बाबा," विघ्नेश म्हणायचा. "चर्चमध्ये पुतळा उभारू तुझा."

डोकं दुखलं नाही, हेही खरंच. फक्त मशेरीला तो पूर्वी सकाळ-संध्याकाळ बसायचा, ते आता चार-पाचदा होऊ लागलं. डबी खिशातून कामावर आली. तोंड कसंसंच व्हायचं, मशेरी लावली की बरं वाटायचं. त्यात वेगळं असं काही नव्हतं. लिली महिन्यातून एकदा तंबाखूची पानं तव्यावर काळी होईपर्यंत भाजायची, पाट्यावर वाटायची, डब्यात भरायची. प्लासिड आठ वर्षांचा असल्यापासून त्याने दात मशेरीनेच घासले होते. त्याच पहिल्या बोटाने. मशेरी ही साबणासारखी, मिठासारखी घरातली वस्तू. साबण वापरता का, असं डॉक्टर कधी विचारत नाहीत.

तिसऱ्या महिन्यात बोटाचं टोक काळं पडलं. पुन्हा तपासण्या झाल्या.

"तुमच्या लघवीत निकोटीनचा अंश आहे," डॉक्टर म्हणाले. "बराच."

"मी ओढत नाही."

"रिपोर्ट काही वेगळं सांगतोय."

"माझ्या आईची शपथ, डॉक्टर."

डॉक्टरांनी पुढचा पेशंट बोलावला.

त्या दिवसापासून सेलिन त्याचे शर्ट हुंगू लागली. वास सापडला नाही, तर तिला तो जास्तच लबाड वाटला. "मला सांग. मारत नाही मी तुला. पण सांग तरी."

"चर्चात आल्तारासमोर येऊन सांगू?"

"नको. तिथं तरी खोटं बोलू नकोस."

विघ्नेशही म्हणाला, "आम्ही निदान उघड ओढतो रे." प्लासिडने त्याच्याशी बोलणं सोडलं. बोट काळं होत दुसऱ्या पेरापर्यंत आलं.

दोन पेरं कापली. मधल्या बोटाचंही एक गेलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी लिली पेज घेऊन वॉर्डात आली. प्लासिडचा उजवा हात पट्टीत होता, डाव्याला सलाईन. तिने पदराआडून डबी काढली. लहानपणी करायची तसं स्वतःचं बोट त्यात बुडवलं आणि त्याच्या हिरड्यांना हळूहळू मशेरी लावू लागली. त्याने डोळे मिटून घेतले.

बादली घेऊन आलेली आयाबाई थांबली. "आजी, हे काय?"

"मशेरी गो. तोंड नको धुवायला?"

"डॉक्टरांना ठाऊक आहे?"

"दात घासायचा काय सांगायचा डॉक्टराला?"

आयाबाईने बादली खाली ठेवली आणि ती डॉक्टरांना बोलवायला गेली.

डॉक्टर आले, त्यांच्यामागे सेलिनही. डॉक्टरांनी डबी उघडून वास घेतला. मग म्हणाले, "हे मी विचारायला हवं होतं." हिरड्यांतून निकोटीन सरळ रक्तात जातं, हे त्यांनी समजावलं. प्लासिड ऐकत नव्हता. तो सेलिनकडे बघत होता. सेलिन रडायला लागली. त्याला तिच्या रडण्याचा राग आला. त्याचं खरं होतं, हे आता सगळ्यांना कळलं होतं, आणि बोट नव्हतं.

"मना साठ वर्सां काय झाला नाय," लिली पुन्हा पुन्हा म्हणत होती. "त्याला कसा होयल?"

घरी आल्यावर सेलिनने हॉस्पिटलातून मिळालेला कागद मोठ्याने वाचला. तंबाखूने हृदय, मेंदू, तोंड यांचं काय होतं ते. मग गरोदर बायांचं. मशेरीनेसुद्धा मूल हलकं जन्मतं, कधी मेलेलं जन्मतं. सेलिन मध्येच थांबली. प्लासिडच्या आधी लिलीची दोन तशीच गेली होती. म्हातारी उठली आणि मागच्या दारी जाऊन बसली. त्या दिवशी ती जेवली नाही.

मायलेक दोघांनी मशेरी सोडली. डबा सेलिनने खाडीत टाकला.

तिसऱ्या दिवशी प्लासिडने भाताचं ताट भिंतीवर फेकलं. डोकं फुटत होतं, सेलिनचा आवाज सहन होत नव्हता. सिगारेट सोडली तेव्हा यातलं काही झालं नव्हतं. तेव्हा त्याने काही सोडलंच नव्हतं. त्याने विघ्नेशला फोन लावला.

"एका दिवसात नाही सुटत रे," एवढंच बोलला.

मग फोन ठेवून दिला.

नवव्या दिवशी दुपारी घरात वास आला. तव्यावर तंबाखू भाजल्याचा. लिली चुलीपुढे पाठमोरी बसली होती. वळली नाही.

"मना नाय जमत, बाला," ती म्हणाली. "मी मरेन."

प्लासिडने तवा हिसकावून घेतला नाही. तो वास नाकात भरून उभा राहिला, आणि आपण अजून इथे उभे का आहोत, याचीच त्याला भीती वाटली. उरलेली बोटं या घरात टिकणार नव्हती. आठवड्याभरात त्याने आणि सेलिनने गोखिवऱ्याला भाड्याची खोली घेतली. गाळ्याच्या मालकाने त्याला पॅकिंगला लावलं. साचे आता दुसराच कुणी घासतो, आणि झाकणं कधीकधी परत येतात.

चर्चमधली मिस्सा झाली की दर रविवारी लिली सुके बोंबील घेऊन येते. प्लासिड तिला दारातच अडवतो.

"आय, आधी चूळ भर."

ती नळाशी जाते. ओठ मिटलेलेच असतात. बराच वेळ चुळा भरते. तपकिरी पाणी मोरीतून वाहतं. प्लासिड उंबऱ्यात उभा राहून ते पाहतो. पाणी स्वच्छ होईपर्यंत त्याची जीभ खालच्या ओठाच्या आत, मशेरी लावायच्या त्या जागेवर फिरत राहते.